मंगळवार-शुक्रवार, चार ते साडेसहा : परळमधील एका ज्येष्ठ नागरिक मदत कक्षाविषयी

परळमधल्या एका जुन्या मोफत वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, दिवाळी अंकांच्या कपाटांमागे, एक लांबट खोली आहे. तिथे आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते सायंकाळी साडेसहा या वेळेत, स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघाचा मदत कक्ष चालतो. शुल्क नाही, सभासद असण्याची अट नाही, आणि देणगीची पेटी असली तरी ती कोणी पुढे सरकवत नाही. गेल्या वर्षभरात मी घरच्या दोन आणि ओळखीच्या एका अशा तीन माणसांची कामे घेऊन तिथे एकूण सतरा वेळा गेले. त्यांतले एक काम पंचवीस मिनिटांत झाले, एक दोन खेपांत झाले आणि तिसरे अजून अर्धवट आहे. विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हा मजकूर. संघाचे नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही. दोन बाकांवर आताच माणसे मावत नाहीत, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना परळ-लालबागच्या कोणत्याही चाळीत विचारले तरी पत्ता मिळतो.

माझ्याविषयी एवढे सांगणे आवश्यक आहे की, एका समाजकार्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. वृद्धांविषयीचे १९९९ चे राष्ट्रीय धोरण, २००२ मध्ये माद्रिदच्या जागतिक परिषदेत ठरलेला कृती आराखडा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा, राज्याचे २०१३ चे ज्येष्ठ नागरिक धोरण, हे सगळे कागद माझ्या हातून गेले आहेत. म्हणजे मी त्यांवर दाखल क्रमांक घातले, शिक्के मारले आणि ते फडताळात लावले. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी ते मागत, त्यामुळे थोडेफार वाचलेही. त्या कागदांत उणीव अशी फारशी नाही. निवृत्तिवेतन, उपचार, निवारा, मालमत्तेचे संरक्षण हे सारे त्यांत आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाने नेमक्या कोणत्या खिडकीपाशी, कोणता कागद घेऊन, कितव्यांदा उभे राहायचे, हे त्यांतल्या एकाही पानावर लिहिलेले नाही. ते मला निवृत्तीनंतर या खोलीत कळले.

खोलीत तीन टेबले आहेत. पहिल्यामागे मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले बहात्तर वर्षांचे काका बसतात, दुसऱ्यामागे टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाई, आणि तिसऱ्यापाशी राष्ट्रीय सेवा योजनेतली महाविद्यालयीन मुले आपापले मोबाइल घेऊन असतात. टोकन म्हणून वाचनालयाची जुनी सूचिपत्रे वापरतात. माझ्या पहिल्या टोकनाच्या पाठीवर एका प्रवासवर्णनाची नोंद होती आणि तिच्यातला वर्गीकरणाचा आकडा चुकलेला होता. सवयीने मी तो पेन्सिलीने दुरुस्त करून परत दिला. पण या कक्षाचा खरा प्राण म्हणजे काकांच्या उजव्या हाताशी असलेली, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात असते तशी आडवी वही. तिच्यात पाच रकाने आखलेले आहेत: नाव, काम, कुठे अडले, पुढची तारीख, कोण जाणार. सरकारी कार्यालयांत आवक-जावक नोंदवह्या असतात. त्यांत अर्ज आला आणि गेला एवढेच कळते. ‘कुठे अडले’ असा रकाना मी आयुष्यात पहिल्यांदा इथे पाहिला.

पंचवीस मिनिटांत झालेले काम माझ्या मामांचे. मामा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. गिरणीच्या संपानंतर त्यांनी पहारेकरी म्हणून दिवस काढले, आणि आता त्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून जे निवृत्तिवेतन मिळते ते किमान रकमेच्या, म्हणजे महिना १,००० रुपयांच्या, फारसे पुढे जात नाही. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी दिली. त्यासाठीचे ‘वय वंदना कार्ड’ आम्हाला काढायचे होते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मामांनी केव्हाच बंद केलेला असल्यामुळे ओटीपीचा मार्ग खुंटला होता. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीने चेहऱ्याच्या पडताळणीचा पर्याय निवडला, मामांना खिडकीकडे तोंड करून बसवले, आणि चहा येईपर्यंत कार्ड तयार झाले. शिधापत्रिका मागितली नाही, तहसीलदारांचा दाखला मागितला नाही, कोणाची शिफारस लागली नाही. मामांचा यावर विश्वासच बसेना. ‘‘एवढेच?’’ असे त्यांनी तीनदा विचारले.

पुढचा भाग इतका गोड नाही. मामांना चार महिन्यांनी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया सांगितली गेली, तेव्हा कक्षाने दिलेल्या छापील यादीतले घराजवळचे एक खासगी रुग्णालय आम्ही गाठले. तिथे कार्ड चालते, परंतु या विभागासाठी चालत नाही, असे उत्तर मिळाले. रुग्णालयांची या योजनेतली नोंदणी उपचारांच्या विभागांनुसार होते, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हते, आणि यादीतही तसा उल्लेख नव्हता. शस्त्रक्रिया अखेर एका महापालिका रुग्णालयात झाली आणि चांगली झाली. आम्ही ही गोष्ट कक्षात जाऊन सांगितली, तेव्हा टपाल खात्यातल्या बाईंनी त्याच आठवड्यात यादी नव्याने तयार केली. आता तिच्यात ‘विभाग’ आणि ‘आधी फोन करून आरोग्यमित्राला (म्हणजे रुग्णालयातल्या या योजनेच्या मदतनिसाला) विचारावे’ असे दोन नवे रकाने आहेत. चूक दाखवल्यावर चिडण्याऐवजी रकाना वाढवणारी संस्था मला दुर्मीळ वाटते. जाता जाता एक सूचना: हे कार्ड रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे. मामांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही. त्यासाठी ते महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये जातात. अनेक जण कार्ड घेऊन औषधांच्या दुकानात जातात आणि तिथे पदरी अपमान घेऊन परत येतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

दुसरे काम सासूबाईंच्या हयातीच्या दाखल्याचे. सासरे परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि ते चालू राहण्यासाठी आपण जिवंत आहोत हे त्यांना दर वर्षी सिद्ध करावे लागते. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना त्यासाठी नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासूनच सुरुवात करता येते, ही सोय चांगली आहे. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोयही आहे, पण ती बोटांच्या ठशांवर चाले, आणि साठ वर्षे धुणे-भांडी केलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे? मागल्या वर्षी एका बँकेच्या शाखेत चौऱ्याऐंशीच्या सासूबाईंची दहाही बोटे एकेक करून यंत्रावर दाबून झाली, यंत्राने दहाही नाकारली, आणि काउंटरवरच्या तरुणाने अगदी सहज विचारले, ‘‘दुसरे कोणी नाही का?’’ दुसरे कोणी म्हणजे काय, ते मला अजून कळलेले नाही.

२०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळूनही हा दाखला देता येतो. कक्षातली मुले हेच करतात. पहिल्या दिवशी ट्यूबलाइट सासूबाईंच्या पाठीमागे होती, त्यामुळे जमले नाही. दुसऱ्या खेपेस त्यांना दाराच्या उजेडात बसवले, डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि मुलाने सांगितले, ‘‘आजी, डोळे मिचकवा.’’ सासूबाईंनी दोन्ही डोळे घट्ट मिटून मान वर केली आणि त्या तशाच बसून राहिल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घातले गेले होते, त्याची ती सवय. मुलाने मग स्वतः त्यांच्यासमोर बसून डोळे मिचकावून दाखवले, दोघे हसले, आणि त्या हसण्यातच केव्हातरी फोटो निघाला. प्रमाणपत्राचा क्रमांक मोबाइलवर आला. या एका दृश्यासाठी मी या कक्षाला पैकीच्या पैकी गुण देईन.

मात्र हे दृश्य पहिल्या मजल्यावर घडले नाही, खालच्या झेरॉक्सच्या दुकानात घडले. वाचनालयाच्या जिन्याला एकोणीस लाकडी पायऱ्या आहेत, त्यांतल्या दोन हलतात, आणि कठडा एकाच बाजूला आहे. ज्येष्ठांसाठीची सेवा अशा ठिकाणी असावी, हा विनोद तिथे येणारे सगळे जण करतात. झेरॉक्सवाल्याला सांगितले की तो वर फोन लावतो आणि मुले खाली येतात, ही व्यवस्था उत्तम चालते; पण तशी पाटी कुठेही नाही, आणि ज्याला ती माहीत नाही तो म्हातारा माणूस धापा टाकत वर येतो किंवा खालूनच परत जातो. किती परत गेले, हे लाल वहीत कुठून येणार?

आता तिसऱ्या कामाविषयी. ते मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या सेवेचे मोल आणि आपल्या धोरणांचे दुखणे दोन्ही त्यात दिसते. आमच्या मजल्यावर पूर्वी चार घरी काम करणाऱ्या मावशी आता एकाच घरी भांडी घासतात. महिना दीड हजार रुपये मिळतात. नवरा वारला, मुलगी विरारला सासरी आहे, मुलगा नाही. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाली. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर यातला काही वाटा केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातून येतो. तो वाटा एकोणऐंशी वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये आहे, आणि २०० चा तो आकडा पावणेदोन दशकांहून अधिक काळ जागचा हललेला नाही.

मावशींच्या आधार कार्डावर जन्माचे वर्ष १९६२ आहे. ते कोणी, कशावरून घातले हे त्यांना आठवत नाही. शिबिरात रांग मोठी होती आणि कोणीतरी अंदाजाने लिहिले. प्रत्यक्षात, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला तेव्हा चुलत्याने त्यांना गल्लीतून काखोटीला मारून आत नेले होते, असे त्यांची आई सांगत असे. ते दिवस १९५५ च्या अखेरचे किंवा १९५६ च्या जानेवारीतले. म्हणजे सरकारच्या लेखी मावशी अजून पासष्टच्या नाहीत, आणि त्यांच्या गुडघ्यांच्या लेखी त्या सत्तरीच्या आहेत. काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘‘शाळेत गेला होतात का?’’ तिसरीपर्यंत गेल्या होत्या, महापालिकेच्या शाळेत.

ती शाळा आता नाही. तिचे दप्तर दुसऱ्या शाळेत गेले, तिथून आणखी कुठे गेले. त्या दप्तरासाठी काका आणि एक मुलगा मिळून चार हेलपाटे घातले गेले. एका कार्यालयात साहेब रजेवर होते, दुसऱ्यात किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवडणुकीच्या कामावर होते. काकांची पद्धत अशी की, तोंडी काही विचारायचेच नाही. प्रत्येक वेळी लेखी अर्ज, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोचपावती. तीस वर्षे त्या बाजूच्या खुर्चीत काढलेला माणूस या बाजूला आला की काय होते, हे पाहण्यासारखे आहे. चौथ्या खेपेस नोंदवही सापडली. जन्म: जून १९५५. इयत्ता तिसरीतून नाव कमी. मावशींना तो दाखला वाचता येत नव्हता, म्हणून मी वाचून दाखवला, तर त्यांनी विचारले, ‘‘त्यात आईचं नाव हाय का?’’ नव्हते. बापाचे होते.

त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. वाचकांनी हा आकडा बाराने भागून पाहावा: महिना १,७५० रुपये. मुंबईत, जिथे चाळीतल्या खोलीच्या एका कोपऱ्याचे भाडेही त्याहून जास्त असते. मावशी महिना १,५०० मिळवतात, वर्षाचे १८,००० होतात, म्हणून त्या मर्यादेत बसल्या. त्यांनी आणखी एक घर, महिना सहाशेचे का होईना, धरले असते तर त्या सरकारच्या दृष्टीने सुस्थितीतल्या ठरल्या असत्या. गुडघ्यांनी साथ सोडली हे त्यांचे, म्हणायचे तर, नशीबच. निवृत्तिवेतनाची रक्कम आणि ते मिळण्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा यांत महिन्याला अडीचशे रुपयांचे अंतर असावे, याचा अर्थ योजना आखणाऱ्यांना या शहरात पोट भरायला काय लागते ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि फार लोक आत येऊ नयेत अशी इच्छा आहे. मला दुसरी शक्यता अधिक पटते, पण काका पहिलीच खरी म्हणतात. खात्याची बाजू घेण्याची त्यांची सवय अजून पुरती गेलेली नाही.

अर्ज, रहिवासाचा पुरावा, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असा गठ्ठा दाखल झाला आणि सहा आठवड्यांनी ‘त्रुटी’ म्हणून परत आला. त्रुटी अशी की, आधारवरील वय जुळत नाही. इथे सामान्य माणूस हात टेकतो. काकांनी मात्र योजनेच्या शासन निर्णयातच वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरलेला आहे, हे नमूद करून दीड पानांचे पत्र लिहिले. त्यातले एकही वाक्य चढ्या आवाजातले नव्हते, आणि प्रत्येक वाक्याला उत्तर देणे भाग पडावे अशी त्याची रचना होती. पाचव्या महिन्यात मंजुरी आली. पहिले १,५०० रुपये खात्यावर जमा झाले त्या शुक्रवारी मावशी कक्षात पेढे घेऊन आल्या. काकांना मधुमेह असल्याने त्यांनी पेढा खिशात ठेवला.

माझ्या मनात हीच तुलना राहून गेली आहे. खोली तीच, माणसे तीच, त्यांची कळकळ तीच. एक काम पंचवीस मिनिटांचे आणि दुसरे पाच महिन्यांचे. फरक कर्मचाऱ्यांच्या स्वभावात नाही, योजनेने विचारलेल्या प्रश्नात आहे. पहिली योजना विचारते, तुमचे वय किती? दुसरी विचारते, तुम्ही पुरेसे गरीब आहात का, सिद्ध करा. गरिबी सिद्ध करणे हे गरिबाला सर्वांत महाग पडणारे काम आहे, कारण त्यासाठी रोजगार बुडवून खिडक्यांसमोर उभे राहावे लागते. नेपाळ आपल्यापेक्षा गरीब देश आहे. त्याने १९९४-९५ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना महिना शंभर नेपाळी रुपये देण्यास सुरुवात केली, उत्पन्नाची चौकशी लावली नाही, आणि पुढे पात्रतेचे वय खाली आणत रक्कम वाढवत नेली. थायलंडने २००९ पासून साठ वर्षांवरील ज्यांना दुसरे निवृत्तिवेतन नाही त्यांना भत्ता दिला आणि २०११ पासून वय वाढेल तशी रक्कमही वाढेल अशी पायरी लावली. या रकमा लहान आहेत, त्यांवर टीकाही होते. पण जो भत्ता फक्त वय विचारतो त्याची अंमलबजावणी गावातला साधा कारकूनही करू शकतो, आणि जो दहा दाखले विचारतो त्याच्यासाठी प्रत्येक वस्तीत आमच्या काकांसारखा एक माणूस लागतो. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती. तेवढे काका कुठून आणायचे?

अर्थात केवळ वय विचारणेही वाटते तितके निर्धोक नाही, हे मावशींनीच दाखवून दिले. वय वंदना कार्ड आधारवरचेच वय मानते, त्यामुळे शाळेच्या दाखल्यानुसार सत्तरी पूर्ण करूनही मावशींना ते २०३२ पर्यंत मिळणार नाही. आधारमधली दुरुस्ती सुरू आहे. वहीतल्या त्यांच्या ओळीला अजून रेघ ओढलेली नाही.

कक्षाविषयी माझ्या तक्रारी आहेत आणि त्या मी काकांना तोंडावर सांगितलेल्या आहेत. सर्वांत गंभीर तक्रार एकांताची. एका शुक्रवारी माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी खोली मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली होती आणि आता सून त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हती. काका कायदा समजावत होते, आणि तो नीट समजावत होते: २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते, तशी अट दस्तात असावी लागते यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भर दिला होता, पण जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा हेतू लक्षात घेऊन त्याकडे उदारपणे पाहिले. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, मूळ कायद्यानुसार तिथे वकील लावता येत नाही, चरितार्थाचा निर्णय नव्वद दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो, आणि महिन्याची रक्कम जास्तीत जास्त १०,००० रुपये ठरू शकते. हे सगळे उपयुक्त होते. पण ते बाकावर बसलेल्या आम्ही अकरा जणांनी ऐकले. त्या बाई उत्तरे देताना आवाज इतका खाली आणत होत्या की काकांना पुन्हा पुन्हा ‘‘काय?’’ म्हणावे लागत होते. त्यांनी शेवटी अर्ज लिहून घेतला नाही. विचार करून येते म्हणाल्या. त्या पुन्हा आल्या का, मी विचारलेले नाही. दिवाळी अंकांचे एक कपाट आडवे फिरवले तरी आडोसा होईल, असे मी सुचवले आहे. ग्रंथपाल म्हणून कपाट रिकामे करून पुन्हा लावून देण्याची तयारीही दाखवली आहे. तोपर्यंत घरगुती तंटा असेल तर आधी १४५६७ या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनीवर बोलावे. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, विनामूल्य आहे, आणि निदान फोनवर शेजारी ऐकत नाहीत.

दुसरी तक्रार कागदांची. आधारच्या छायाप्रती टेबलावर उघड्या पडलेल्या असतात, आणि मुलांच्या खासगी मोबाइलमध्ये लोकांच्या कार्डांचे फोटो साठत जातात. मुले सज्जन आहेत, पण मोबाइल हरवतात. फोटो समोरच खोडून टाकायला सांगावे. मी सांगते, आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. खुर्च्यांना हात नाहीत, म्हणून उठताना आधार मिळत नाही. मे महिन्यात परीक्षा आणि सुट्टी यांमुळे तिसरे टेबल बंद असते.

आणि काका. सगळी वही त्यांच्या डोक्यात आहे. ते पंधरवडाभर आजारी होते तेव्हा ‘पुढची तारीख’ या रकान्यातल्या तारखा एकामागून एक उलटून गेल्या. व्हिएतनाममध्ये वृद्ध आणि तरुणांनी मिळून चालवलेले परस्पर-साहाय्य गट होते. ते उपयोगी पडतात असे दिसल्यावर सरकारने २०१६ मध्ये ते देशभर वाढवण्याची योजनाच मंजूर केली. आपल्याकडे असे कक्ष वस्तीवस्तीत आहेत, पण ते कोणाच्या तरी निवृत्तीनंतरच्या उत्साहावर चालतात, आणि जागेचे वीजबिल वाचनालय भरते. माझ्या मते ज्या खात्याच्या योजना ही खोली पार पाडते त्या खात्याने निदान एका पगारी माणसाचा आणि एका खालच्या मजल्यावरच्या खोलीचा खर्च उचलायला हवा. काका यावर हसतात आणि म्हणतात की मग लाल वही जाऊन आवक-जावक येईल. तेही खरे असेल.

जायचे असेल तर साडेतीनलाच जावे. पाचनंतर टोकन संपते. मूळ कागदांसोबत प्रत्येकी दोन प्रती न्याव्यात, चश्मा आणि पाण्याची बाटली न्यावी, आणि जिना चढवत नसेल तर झेरॉक्सवाल्याला सांगावे. कामाची घाई असेल तर ही सेवा तुम्हाला मानवणार नाही. पण अर्ज कुठे अडला आहे हे कोणीतरी आपणहून फोन करून कळवावे, असे वाटत असेल, तर मुंबईत मला तरी दुसरी जागा सापडलेली नाही. परवाच टपाल खात्यातल्या बाईंचा असा फोन आला होता. मावशींच्या ओळीत, चौथ्या आणि पाचव्या रकान्यात, आता असे लिहिले आहे: जन्मनोंदीचा उतारा, विभाग कार्यालय, शुक्रवार, मी स्वतः.